चौथा पाय

खुर्ची आली की बद्रुद्दीन शेठ ती आधी उलटी करतात.
घोडा दातांवरून, खुर्ची पायांवरून,
एवढंच त्यांचं शास्त्र; बाकी सगळं पॉलिश.
चौदाव्या लुईचे पाय तालमीतले,
मध्ये आडव्या पट्ट्या, हलायचं नाव नाही.
पंधराव्याचे वाकले. गुडघ्यात किंचित, घोट्यात जास्त,
जणू कुणी बसता बसता लाजलं
आणि तसंच राहिलं पन्नास वर्षं.
सोळाव्याचे पुन्हा सरळ, उभ्या खाचांचे.
"आधी खुर्चीचे पाय सरळ झाले, मग राजाची मान गेली,
ध्यानात ठेव," शेठ म्हणतात,
जणू त्यात माझ्या पगाराबद्दल काही इशारा आहे.
मग नेपोलियन: पितळेचे गरुड, सिंहांचे पंजे,
बसणाऱ्यालाच वाटावं, आपण उठून उभं राहावं.

मी गादीवाला. ओशिवऱ्यात, रिलीफ रोडच्या गाळ्यात
मी इतिहास वरून खाली वाचतो.

ही आली ताडदेवहून, खोरशेदबाईंच्या दिवाणखान्यातून,
टेम्पोत, एका बंद फ्रीजच्या शेजारी बसून.
वर रेक्झिन, टोमॅटोच्या रंगाचं, आणीबाणीच्या आसपासचं.
त्याखाली हिरवी मखमल, हातांपाशी टक्कल पडलेली.
त्याखाली फुलांचं चीट; ते आपल्याच किनाऱ्यावरचं असणार,
तिकडे जाऊन परत आलं की इथेच चढलं, कोण सांगणार.
आणि सगळ्यात तळाशी घोड्याचे केस,
काळे, कुरळे, मुठीत दाबून सोडले की अजून उसळतात.
मालक मेला, घोडा मेला, उसळी राहिली.
मी दोनदा शिंकलो.
चौकटीवर खिळ्यांची भोकं, एकाशेजारी एक,
देवीच्या वणांसारखी.

मग चौथा पाय. मागचा, डावा.
बाकीचे तीन बीचचे, भुंग्यांनी चाळण केलेली,
बोट लावलं की पीठ सांडतं.
हा घट्ट. जड. नखाने खरवडला तर
वास आला सागवानाचा.
भुंग्याला राजे कळत नाहीत, लाकूड कळतं.
वाक तोच, गुडघ्यावरचं फूलही तेच,
फक्त पाकळ्या जराशा अनंताच्या.
आत, जिथे पट्टे ठोकतात तिथे, पेन्सिलने:
धाकू मेस्त्री, कांदेवाडी, १९३१.
पाय एक. रुपये दोन. बाकी आठ आणे.

शेठ म्हणाले, "घासून टाक.
वाळकेश्वरच्या गिऱ्हाइकाला ओरिजिनल म्हणून सांगितलंय."
मी म्हणालो, "तीन पाय फ्रान्सचे, पण ते पडायला आलेत.
खुर्ची उभी आहे कांदेवाडीवर."
"ते तुला ठाऊक, मला ठाऊक. घास."

मी घासलं नाही. वरून पट्टा मारला.
एवढी लबाडी आमच्या धंद्यात चालते,
फक्त या वेळी दिशा उलटी होती.

गिऱ्हाइकाने सोबत एक जाणकार आणला.
त्याने चारही पाय टकटक वाजवले, नारळ वाजवतात तसे,
चौथ्याला थांबला, हसला, गाडीत जाऊन बसला.
शेठ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता ती भाड्याने असते, मढच्या एका बंगल्यात,
रोजचे बाराशे, टेम्पो वेगळा.
रात्री साडेआठला मालिकेतली सासू तिच्यात बसते,
माझ्या निळ्या साटीनवर, आणि सुनेचं वाटोळं ठरवते.
कुंदा ताट बाजूला सारून विचारते, "कुठला तो पाय?"
मी बोट पडद्याच्या खालच्या कडेपर्यंत नेतो,
कडेच्या बाहेर, टेबलावर.
कॅमेरा चेहऱ्यावरच. पुन्हा चेहरा. वीज कडाडते.
पायांपर्यंत तो येतच नाही.

सासू रागाने मागे रेलते,
आणि पार्श्वसंगीताच्या खालून मला ऐकू येतं:
करकरतात ते तीनच.